नदीत थांबलेली कथा

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज काय घडले, ते क्रमाने.

१. ज्यांच्याकडून वाद्ये आणि गाणी घेतली, त्यांना संग्रहालय उद्घाटनाआधी दाखवायचे म्हणून दीपक सरांनी आज गावोगावच्या कलाकारांना बोलावले होते. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरून जीप आली. तिच्यात थाळीवर कथा सांगणारे थाळकर सहादूबाबा होते आणि नवसाबाई होत्या.

२. थाळकथेच्या कक्षात मी बसवलेले एक बटण आहे. ते दाबले की कथेचा छोटा तुकडा वाजतो आणि शेवटी आवाज हळूहळू विरतो.

३. एका पाहुण्याने बटण दाबले. तुकडा वाजला. त्यात जयरामचे नाव येते. जयराम हा नवसाबाईंचा मुलगा. फेब्रुवारीत वारला. ही कथा त्याच्याच कार्याच्या दिवशी गायलेली आहे.

४. आवाज विरल्यावर नवसाबाईंनी विचारले, "पुढं?" मी सांगितले, एवढेच आहे.

५. मागच्या माणसाने बटण पुन्हा दाबले.

६. नवसाबाईंनी बटणावर तळहात ठेवला आणि तो काढला नाही. सरांचे भाषण झाले, जेवणे झाली. त्या तिथेच उभ्या होत्या.

७. जीप निघायच्या वेळी सहादूबाबांनी मला वायर काढायला सांगितली. मी काढली. मग नवसाबाईंनी हात उचलला.

८. यंत्रणेत कोणताही दोष नव्हता.

रविवार, ९ नोव्हेंबर

कालची नोंद पुन्हा वाचली. घटना बरोबर आहेत, पण त्यांवरून काहीच कळत नाही. म्हणून आधीचे लिहून ठेवते.

मी अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांचा आवाज आणि कंपने मोजायचे काम करत होते. दीपक सर ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना दर सुट्टीला स्कूटरवर टेपरेकॉर्डर बांधून ते जिल्हाभर हिंडले. संबळ, पावरी, लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या, जे मिळेल ते. त्यातूनच त्यांनी नाशिकचे हे संग्रहालय उभे केले. त्या कॅसेटी डिजिटल करायला त्यांना कोणीतरी हवे होते. मी आले आणि राहिले. आता ध्वनीचे सगळे काम माझ्याकडे आहे.

थाळी त्यांच्याकडे नव्हती. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा बसवतात आणि त्यात एक काडी उभी रोवतात. ती चिमटीत धरून बोटे वरून खाली ओढत राहिली की थाळी घुमते. त्या घुमण्यावर थाळकर कथा सांगतो. सहादूबाबांच्या पाड्यावर ती कथा फक्त माणूस गेल्यावर म्हणतात. सर पहिल्यांदा मागायला गेले तेव्हा बाबांनी विचारले होते, "मेलंय कोण?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी चहा पाजून परत पाठवले.

फेब्रुवारीत त्यांचाच फोन आला. जयराम द्राक्षाच्या मळ्यात कामाला होता. ट्रॅक्टर उलटला. नवसाबाईंनी आम्हाला कोपऱ्यात बसायची परवानगी दिली. मी आणि हर्षाली गेलो. हर्षाली संग्रहालयाची मांडणी करते. कथा सकाळी सुरू झाली आणि दिवेलागणीच्या आत संपली. गेलेला माणूस घरातून निघतो, आणि थाळकर त्याला वाट सांगत पुढे नेतो. आधी शेताचा बांध, मग टेकडी, मग नदी, मग पलीकडे त्याच्या आधी गेलेल्यांचे गाव. हर्षाली रडली. माझे लक्ष आवाजाच्या पातळीवर होते.

सुरू करण्याआधी बाबा मला म्हणाले होते, "एकदा धरली की पुरी करायची बरं का, पोरी." मी म्हटले, काळजी करू नका, जादा बॅटऱ्या आणल्या आहेत.

तुकडा मी निवडला. त्या भागात कोणी खोकत नाही, कोंबडा आरवत नाही, थाळीची घुमण सर्वांत स्वच्छ आहे. जयराम नदीत उतरतो, पाणी कमरेला लागते. तिथे मी आवाज विरवला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बैठक झाली. सर नवसाबाईंबद्दल मनापासून हळहळले. लगेच म्हणाले, "पण शाझिया, आवाज काढून घेतला तर त्या कक्षात काय उरतं? थाळी म्हणजे नुसतं ताट." ते खरे आहे.

दुसरा एखादा तुकडा घ्यावा, असे त्यांनी सुचवले. मी म्हटले, कुठूनही घेतला तरी तो मधलाच असणार. हर्षाली म्हणाली, "सर, मग शेवटचाच लावू ना. थेट पोचलेला माणूस. कोणाची तक्रार नाही." सर हसले. मी हसले नाही, कारण मी त्याचा विचार करत होते. पण निघाल्याशिवाय पोचला कसा, हा प्रश्न राहतोच. मी तो बोलून दाखवला तर हर्षाली म्हणाली, "अगं, मी गंमत केली." उद्घाटन ३० तारखेला आहे. तोवर बटण बंद ठेवायचे ठरले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अब्बांचा येवल्याहून फोन. माझा भाऊ शाहनवाज, त्याची बरसी २८ तारखेला, शुक्रवारी. मी म्हटले, उद्घाटन दोन दिवसांवर असेल, कठीण आहे. ते म्हणाले, "बघ बेटा, जमलं तर." मग मागावर कोणती पैठणी आहे ते सांगत राहिले. काठाचा मोर दोनदा उसवावा लागला म्हणे.

मागच्या वर्षी तो वारला तेव्हा मी गेले होते. तिथे मला काही काम नव्हते. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. पुरुष भावाला घेऊन गेले, परत आले, दारात चपला काढल्या. झाले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उपाय सापडला.

बटणच नको. पूर्ण कथा लावायची. दार उघडले की सुरू, दार बंद व्हायच्या आत संपेल. कामकाजाच्या वेळेत ती नेमकी बसते, मी ताडून पाहिले. वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर बिघडला तर दुसरा. सोमवारी आपण बंद असणार, त्या दिवशी सुरूच करायची नाही. म्हणजे कथा मध्येच थांबण्याची शक्यता जवळपास शून्य.

सरांना आधी पटले नाही. एवढा वेळ कोण थांबेल, म्हणाले. मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पण दिवसभर घुमत राहील ना ती. वा." सर असे 'वा' म्हणाले की काम झाले असे समजायचे.

नवसाबाईंना स्वतः जाऊन सांगते. फोनवर यंत्रणा नीट समजावता येणार नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

पाड्यावर जाऊन आले. जे बोलणे झाले, ते आठवते तसे लिहिते.

हर्षाली बरोबर होती. दिंडोरी, वणी मागे टाकल्यावर गार वारा लागू लागला. पाड्यावर नागलीची कणसे वाळत घातलेली. नवसाबाई खळ्यावर होत्या, सहादूबाबा बाजेवर बसून त्यांना कणसे कशी पसरायची ते सांगत होते. त्या ऐकत नव्हत्या. घराच्या नदीकडच्या बाजूला शेकोटी पेटलेली होती. दुपार होती, ऊन चांगले होते, शेकायला कोणी बसलेले नव्हते. कारण मी विचारले नाही.

मी कागदावर आकृती काढून नेली होती. दार, स्पीकर, इन्व्हर्टर, दुसरा इन्व्हर्टर. नवसाबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, "संपल्यावर?"

मी म्हटले, संपल्यावर संग्रहालय बंद होते.

"आन् दुसऱ्या दिशी?"

"पुन्हा पहिल्यापासून."

नवसाबाईंनी हातातले कणीस खाली ठेवले. मग म्हणाल्या, "म्हंजे रोज सकाळी उठवणार त्याला. रोज नदीत घालणार."

मी म्हटले, "मावशी, हा फक्त भरून ठेवलेला आवाज आहे."

"त्यात नाव कोणाचं हाय?"

 हर्षालीने माझ्या हातातून आकृतीचा कागद घेतला आणि घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

नवसाबाई कणसांकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "फेब्रुवारीत पोचता केला होता मी त्याला. बाबाला इचार. तुमी परत आणला आन् पाण्यात उभा केला. आता थंडी पडली." एवढेच. आवाज चढलेला नव्हता.

मी विचारले, तुम्हाला काय हवे आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, इथे, या अंगणात, एकदा पहिल्यापासून पुरी वाजवा. सगळे बसतील. मग पुसून टाका. सगळीकडून.

मी म्हटले, पुसले तर ही कथा जगात कुठेच राहणार नाही. बाबांनंतर म्हणणारे कोणी नाही. नवसाबाई म्हणाल्या, "ते बाबाला सांगा."

आता सहादूबाबांना जोर आला. म्हणाले, "मला तर कोणी इचारतच नाय. तुमी हिच्या पोराच्या मागं लागल्या. मी मेल्यावर माझी कोण म्हणणार, हे हाय का कोणाच्या ध्यानात? दोन पोरं, दोन्ही नाशकात, एक पण शिकला नाय. बिगर कथेचा पडंल मी हितंच."

मग त्यांनी सांगितले, ते त्यांनी आधीपासून ठरवून ठेवले असावे. ते स्वतःची कथा स्वतःच म्हणून ठेवणार, माझ्या माइकवर. ते गेले की आम्ही ती पाड्यावर वाजवायची.

हर्षालीने विचारले, "पण बाबा, माणूस जिवंत असताना म्हणत नाहीत ना?"

"दुसऱ्याची नाय म्हणत. माझी म्हटली तर भांडायला कोण येणार? मीच." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आन् नंतर तुमच्या त्या दुकानात लावा. रोज लावा. रोज उठवा मला, मला काय. तेवढंच नाशीक बघणं होईल. फकस्त अर्ध्यात सोडायचं नाय."

नवसाबाई पहिल्यांदा हसल्या. "बाबा, तू जित्तेपणी कधी अर्ध्यात थांबलाय? माणसं उठून जायची तरी तुझं चालूच."

"म्हणून तर टिकलो," बाबा म्हणाले.

परतीच्या वाटेत हर्षाली म्हणाली, "किती सोपं आहे गं सगळं." मला ते सोपे वाटत नाही. त्यात तीन गोष्टी सरांना मान्य व्हाव्या लागतील: एकदाच वाजवणे, मग पुसणे, आणि बाबा जाईपर्यंत थांबणे. तिन्ही त्यांच्या स्वभावाविरुद्ध आहेत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सरांनी सगळे ऐकले. पाड्यावर एकदा वाजवायला हरकत नाही म्हणाले. पुसायला नाही म्हणाले.

त्यांनी रागावून सांगितले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी मला एक कॅसेट दाखवली. साळूबाई नावाच्या एका बाईंची गाणी, त्यांनी तरुणपणी भरलेली. घरात ओल आली, टेपला बुरशी धरली. बाई आता नाहीत. गाणी दुसऱ्या कोणाला येत नाहीत. ते म्हणाले, "हे माझ्या हातून झालं, न कळत. आता कळून-सवरून करू? पुसणं हे संग्रहालयाचं काम नाही, शाझिया."

 प्रशिक्षणाने मी त्यांच्याच बाजूची आहे. मूळ प्रत कधीही पुसायची नाही, हे मला पहिल्या वर्षी शिकवले होते.

सहादूबाबांच्या रेकॉर्डिंगची कल्पना त्यांना आवडली. पण ते वाजणार बाबा गेल्यावर. ३० तारखेला काय? पाहुणे येणार, कक्षात आवाज हवा. म्हणाले, "तू त्या तुकड्यातून जयरामचं नाव काढून टाक. मग तो कोणाचाच नाही. कोणाचं मन दुखायचं कारण नाही. तुला सहज जमेल."

मला सहज जमेल. मी हो म्हटले नाही आणि नाही म्हटले नाही. सरांनी ते हो धरले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नाव काढले. ते दोनदा येते. त्या जागी मागची घुमण ताणून बसवली. जोड ऐकू येत नाही. हर्षालीला ऐकवले, तिलाही कळले नाही. काम चांगले झाले आहे.

आता नदीत कोण उभे आहे, ते सांगता येत नाही. कोणीतरी आहे. पाणी कमरेला आहेच.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दुपारी उद्घाटनाच्या दिवसासाठी अंबडला इन्व्हर्टर पाहायला गेले होते. मोजमापे विचारायची म्हणून संग्रहालयाच्या फोनवर फोन केला. रिंगच्या जागी थाळी वाजू लागली. मग बाबांचा आवाज. जयरामा, उतर रे पाण्यात.

सरांनी पूर्वीच तो तुकडा कॉलर ट्यून म्हणून लावून घेतला होता. मी नेहमी आतून बोलते, बाहेरून कधी फोन करत नाही, त्यामुळे माहीत नव्हते.

मी फोन ठेवला नाही. पाणी गुडघ्याला आले. वाल्मीकने, म्हणजे आमच्या शिपायाने, फोन उचलला आणि म्हणाला, "हॅलो, बोला."

मी विचारले, दिवसात किती फोन येतात.

"उद्घाटनामुळं सारखेच चालूयेत मॅडम. उचलून उचलून हात दुखला. का?"

मी सांगितले, थोडा वेळ उचलू नकोस, उचलला की ते मध्येच तुटते. तो म्हणाला, "मग वाजतच राहील की." मी म्हटले, हो.   मोजमापे विचारायची राहिली.

संध्याकाळी सरांना सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मला तो तुकडा फार आवडतो म्हणून लावला गं. आता काढायला सांगतो." त्यांनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला. बदल व्हायला काही दिवस लागतात, असे पलीकडून सांगितले. आम्ही दोघे तिथेच बसलो होतो. टेबलावरचा फोन वाजू लागला. सरांनी उचलला नाही. मीही नाही. आपल्याला इकडे नुसती घंटा ऐकू येते. तो वाजून वाजून थांबला.

नंतर अब्बांना फोन केला आणि २८ तारखेला येते म्हणून सांगितले. त्यांनी कारण विचारले नाही. मी विचारले, बरसीला मला कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत तरी येता येईल का. पलीकडे मागाचा आवाज थांबला. मग म्हणाले, "ये. फाटकापर्यंत मी घेऊन जाईन." हे मी का विचारले, ते मला नीट सांगता येणार नाही. वाट ठाऊक असलेली बरी.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सरांना आज खालील पत्र दिले. तोंडी सांगितले तर मी दोन वाक्यांत संपवते आणि ते माझे मौन हो धरतात, म्हणून लिहिले. नक्कल इथे ठेवते.

दीपक सर,

जयरामचे नाव काढलेला तुकडा मी तयार केला होता. तो मी काढून टाकला आहे आणि पुन्हा करणार नाही. हे काम दुसरे कोणीही करू शकेल. मूळ रेकॉर्डिंगच्या डिस्क तुमच्या कपाटात आहेत. माझ्याकडे कोणतीही प्रत नाही. मी काहीही अडवून ठेवलेले नाही, निर्णय तुमचाच आहे.

पुसले की परत येणार नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. त्याविरुद्ध माझ्याकडे तांत्रिक मुद्दा नाही. एवढेच सांगते की आपण ती कथा गोळा केली तेव्हा ती गाणे आहे असे समजलो. नवसाबाईंसाठी ते केलेले काम होते, ते पुरे झाले होते, आणि आपण ते उलटवले. साळूबाईंची गाणी हरवली तेव्हा साळूबाईंचे काही मोडले नव्हते. इथे मोडले आहे. या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत.

माझी विनंती अशी आहे. गुरुवार, २७ नोव्हेंबरला सकाळी पाड्यावर पूर्ण कथा एकदा वाजवावी. स्पीकर आणि बॅटऱ्या मी तयार ठेवते. त्यानंतर नवसाबाईंच्या समोर ती सगळीकडून पुसावी. ३० तारखेला थाळकथेच्या कक्षात थाळी असेल, आवाज नसेल. डिसेंबरमध्ये सहादूबाबांची कथा मी भरून घेईन. ती कुलपात राहील आणि जेव्हा वाजेल तेव्हा पुरी वाजेल. त्यांनी आपल्याला ती कायमची दिली आहे, तीही हसत. कक्ष तोवर मुका राहील. मला वाटते, तो वर्षानुवर्षे मुका राहावा.

तुम्ही गुरुवारी याल तर बरे होईल. तुम्हाला तो तुकडा फार आवडतो, पण तुम्ही ती कथा पूर्ण एकदाही ऐकलेली नाही. फेब्रुवारीत तुम्ही येऊ शकला नव्हता, आणि नंतर मी तुम्हाला तुकडाच दिला. नदीनंतर बरेच काही आहे.

शुक्रवारी, २८ तारखेला, मी रजेवर आहे. शनिवारी हजर होईन.

पाड्यावर आधी निरोप द्यावा लागेल. लांबची माणसे असतात, त्यांना बोलावून घ्यायला वेळ हवा. तरी कृपया मंगळवार, २५ नोव्हेंबरपर्यंत हो किंवा नाही, ते लेखी कळवावे.

शाझिया